शंभर टनी ॲटलस वीस टनी लोकस्टपुढे का हरतो?

प्रश्न थोडक्यात असा. बॅटलटेक या पटावरच्या युद्धखेळात एकीकडे एकटा ॲटलस, म्हणजे १०० टनांचा मेक (पायलट आत बसून चालवतो तो अवाढव्य लढाऊ यंत्रमानव). समोर २० टनांचे चार लोकस्ट. बॅटल व्हॅल्यू, म्हणजे मेकची ताकद मोजणारे गुण, जवळपास सारखी: ॲटलस एएस७-डीची १८९७, लोकस्ट एलसीटी-१व्हीची प्रत्येकी ४३२, म्हणजे चौघांची मिळून १७२८. तरी ॲटलसवाला सारखा हरतोय. त्याचं म्हणणं, माझ्याकडे ३०४ पॉइंट चिलखत आणि एका गोळ्यात लोकस्ट आडवा करणारी तोफ. त्या चिलटांकडे प्रत्येकी एक मीडियम लेसर आणि दोन मशीनगन. मग गडबड नियमांत आहे की माझ्या फाशांत?

नियम ठीक आहेत आणि फासेही. चिलखत रेकॉर्ड शीटवर, म्हणजे मेकच्या नोंदीच्या कागदावर, गोल गोल छापलेलं असतं, त्यामुळे ते डोळ्यांत भरतं आणि आपण तेवढंच मोजतो. वेगही मार चुकवण्याचंच काम करतो, पण त्याचे गोल कुठे छापलेले नसतात. ते दर फेरीला नव्याने कमवायचे असतात. लोकस्ट खेळणाऱ्याला हे कळलेलं असेल तर तुमच्या ३०४ पॉइंटांपुढे त्याचे ६४ पॉइंट वाटतात तेवढे केविलवाणे राहत नाहीत. आकडे मांडूनच बघू.

बॅटलटेक १९८४ साली आला, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, पण गाभा आजही तोच आहे: नेम लागला की नाही हे दोन फाशांच्या बेरजेवर ठरतं. साधारण पायलटचा गनरीचा, म्हणजे नेमबाजीचा, आकडा ४. त्यात भर पडत जाते. स्वतः चाललात तर १, धावलात तर २, उडी मारलीत तर ३. लक्ष्य मध्यम पल्ल्यावर असेल तर २, लांब पल्ल्यावर ४. मध्ये झाडी असेल तर आणखी. आणि शेवटी समोरचा या फेरीत किती हेक्स (पटावरची षटकोनी घरं) हलला त्याची भर: २ हेक्सपर्यंत काही नाही, ३-४ ला १, ५-६ ला २, ७ ते ९ ला ३, १० ते १७ ला ४. फाशांवर एकूण बेरजेइतकं किंवा जास्त पडलं तर नेम लागला.

लोकस्टला धावताना १२ मूव्हमेंट पॉइंट मिळतात. मोकळं मैदान असेल तर १० हेक्स आणि वर दोन वळणं सहज बसतात. ॲटलस चालतो ३, अगदीच धावला तर ५.

आता तीन हेक्सच्या अंतरावरची एक फेरी घ्या. ॲटलस ३ हेक्स चालून आलाय, लोकस्ट १० हेक्स धावून. लोकस्टचा हिशेब: गनरी ४, स्वतः धावल्याचे २, ॲटलस हलल्याचा १, एकूण ७. दोन फाशांवर ७ किंवा जास्त ३६ पैकी २१ वेळा पडतं, म्हणजे ५८ टक्के. ॲटलसचा हिशेब: गनरी ४, चालल्याचा १, लोकस्ट हलल्याचे ४, एकूण ९. ते ३६ पैकी १० वेळा, २८ टक्के. ॲटलस चालण्याऐवजी धावला तर १० लागतात, १७ टक्के. लोकस्ट जरा लांब, चार ते सहा हेक्सवर, राहिला तर चालत्या ॲटलसच्या एसी-२० तोफेलाही मध्यम पल्ल्याचे २ पडतात आणि आकडा ११ वर जातो: ३६ पैकी ३, म्हणजे जेमतेम ८ टक्के.

यातला खरा डाव दोन फाशांच्या उतरणीत आहे. ४ वरून ५ वर गेलात तर फारसं काही जात नाही, ३३ च्या ३० संधी होतात. १० वरून ११ वर गेलात की ६ च्या ३ होतात, एका पायरीत निम्म्या. ११ वरून १२ वर तीनाची एक. त्यामुळे भर घातलेला प्रत्येक आकडा सारख्या किमतीचा नसतो. मॉडिफायर, म्हणजे ही भर घालणारे आकडे, जितके साचत जातात तितका पुढचा आकडा महाग पडत जातो. लोकस्टवाला हे चार आकडे आधीच घेऊन बसलाय. त्यावर एक आकड्याची विरळ झाडी मिळाली की तुमच्या तोफेला बारा हवे असतात.

याच गोष्टीला चिलखतात बदलून पाहा. जवळच्या पल्ल्यावर लोकस्ट नुसता उभा असता तर ॲटलसला ५ पुरले असते, ३६ पैकी ३०. तो पळाल्यामुळे लागतात ९, ३६ पैकी १०. मार एक तृतीयांश झाला, म्हणजे ६४ पॉइंट चिलखत सरासरीने १९२ सारखं वागलं. मध्यम पल्ल्यावर ७ चे ११ होतात, २१ संधींच्या ३ उरतात, सात पट फरक. ६४ गुणिले ७ म्हणजे ४४८. ॲटलसचं स्वतःचं चिलखत त्याच्या बारीकशा हालचालीने ३०४ चं फार तर ३७६ होतं.

आणि बॅटल व्हॅल्यूमध्ये या वेगाची किंमत किती धरलेली असते? बचावाच्या बाजूला सर्वाधिक हालचालीच्या मॉडिफायरचा दहावा भाग. लोकस्टला १.४ ने गुणतात, ॲटलसला १.२ ने. हल्ल्याच्या बाजूलाही वेगाचा गुणक लावतात, लोकस्टसाठी तो १.९ च्या आसपास जातो, हे मान्य. पण बचावात तीन ते सात पट फायदा आणि त्यासाठी मोजलेले चाळीस टक्के, ही तफावत उरतेच. तिच्याकडे मी चूक म्हणून पाहत नाही. हा गुणक सगळ्या खेळाडूंच्या सरासरीवर बेतलेला असावा आणि बहुतेक लोक लोकस्ट वाईट खेळतात. उभं राहून नेम धरतात, झाडीत घुसून १२ पॉइंट खर्चून सहाच हेक्स कापतात, मग ४ ऐवजी २ ची भर मिळते आणि पुढच्या फेरीत मेक उडतो. तुमच्यासमोरचा खेळाडू मात्र प्रत्येक फेरीत हेक्स मोजून पूर्ण ४ वसूल करतोय. शिवाय मोजायचे असतात ते ओलांडलेले हेक्स. गोल फिरून जिथून निघाला तिथेच परत आला तरी भर पूर्ण मिळते. नवख्यांना हे कुणी सांगत नाही.

सरासरी चिलखताच्या या गणिताला एक मोठं छिद्र आहे आणि ते तुमच्या बाजूचं आहे. एसी-२० चा गोळा २० पॉइंटांचा. लोकस्टच्या छातीवर १० पॉइंट चिलखत आणि आत ६ पॉइंटांचा सांगाडा, मिळून १६. पायात ८ आणि ४, मिळून १२. म्हणजे गोळा छातीवर लागला की छाती फुटली, पायावर लागला की पाय गेला, सरासरी वगैरे विसरा. त्यामुळे लोकस्टवाल्याच्या डोक्यात दर फेरीला एकच प्रश्न असतो: तोफ आज किती वेळा चालेल? उत्तर रेकॉर्ड शीटवर लिहिलेलं आहे. दोन टन दारूगोळा, टनाला ५ गोळे, एकूण १०. नऊच्या आकड्याने दहाही झाडलेत तर तीनही नेम लागत नाहीत, दहाच्या आकड्याने दोनसुद्धा नाहीत. समोर चार लोकस्ट आहेत. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या एलआरएम-२० चा किमान पल्ला ६ असल्यामुळे तीन हेक्सवर तिला आणखी ४ चा दंड पडतो. जवळ आलेल्या शत्रूसाठी ती शोभेची वस्तू. उरली जवळच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडणारी एसआरएम-६ आणि हातांतले दोन मीडियम लेसर. लोकस्ट त्यांनीही मरतो, पण एका फटक्यात सहसा नाही.

आता पाठीकडे येऊ, कारण बहुतेक ॲटलस तिथूनच मरतात. समोरून छातीवर ४७ पॉइंट, पाठीमागे १४. बाजूच्या धडांवर समोरून ३२, मागून १०. मागून मारलेल्या फटक्यांपैकी जवळजवळ निम्मे, ३६ पैकी १७, धडाच्या तीन भागांपैकी कुठेतरी लागतात. उजव्या धडाची पाठ घ्या. दोन मीडियम लेसरनी १० पॉइंट संपतात. तिसरा लागला की सांगाड्याला पोचतो आणि क्रिटिकलचा, म्हणजे आतला एखादा भाग निकामी होतो का याचा, रोल येतो, ८ किंवा जास्त, ४२ टक्के. उजव्या धडात बारा स्लॉट, म्हणजे सामानाचे कप्पे: दहा स्लॉटांत एसी-२० आणि दोनांत तिचा दारूगोळा. रिकामा स्लॉट एकही नाही. म्हणजे तिथे क्रिटिकल लागला तर तोफ गेली, नाहीतर दारूगोळा फुटून मेकच गेला. एवढं भारी यंत्र, आणि त्याचं मर्म दहा पॉइंटांच्या पत्र्यामागे.

मागे आलेल्या लोकस्टला ॲटलस उत्तर काय देणार? या मॉडेलच्या छातीत मागे रोखलेले दोन मीडियम लेसर आहेत. धड फिरवलंत तर एका बाजूच्या हातातला लेसर मागच्या हेक्सपर्यंत पोचतो, पण मग मागचे लेसरही धडाबरोबर फिरतात आणि बाजूला बघू लागतात. एसी-२० धडात असल्यामुळे मागे पोचतच नाही. म्हणजे एकतर दोन लेसर किंवा एक लेसर. लाथ फक्त समोरच्या हेक्सला बसते. समोर मात्र ती २० पॉइंटांची असते आणि लोकस्टचा पाय सरळ उखडते. शहाणा लोकस्ट म्हणून ॲटलसला समोरून कधी चिकटत नाही, मागून खुशाल चिकटतो आणि मशीनगनही वापरतो.

तो मागे जातो कसा, हा पुढचा भाग. दर फेरीला इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे आधी कोण हलणार हे ठरवायला, दोन्ही बाजू फासे टाकतात. हरलेली बाजू आधी हलते, जिंकलेली नंतर. ॲटलस एकटा असेल आणि इनिशिएटिव्ह हरला असेल तर तो हलून, तोंड कुठे करायचं ते ठरवून मोकळा होतो आणि मग चारही लोकस्ट सगळं समोर दिसत असताना हलतात. बारा पॉइंटांत ॲटलसच्या पाठीमागचा कुठलाही हेक्स त्यांच्या आवाक्यात असतो. उलट ॲटलस जिंकला तर त्याला शेवटची चाल मिळते, पण तीन पॉइंटांत तो करणार काय? जागच्या जागी वळेल, फार तर. शेवटच्या चालीची किंमत तुमच्याकडे किती पाय आहेत त्यावर ठरते. इनिशिएटिव्ह दोघांनाही निम्म्या वेळा मिळतो, त्याचा उपयोग मात्र निम्मा-निम्मा होत नाही.

हरलेल्या फेरीत चांगला लोकस्टवाला लढतच नाही. टेकडीमागे जातो, दृष्टिरेषा तोडतो किंवा पल्ला इतका वाढवतो की तुमचा आकडा बाराच्या पुढे जावा. जिंकलेल्या फेरीत चौघेही एकदम पाठीवर. म्हणजे किती फेऱ्या लढायच्या आणि कुठल्या, हे तो ठरवतो. तुम्ही सगळ्याच फेऱ्या लढताय, तो त्याला परवडतील तेवढ्याच. माझ्या मते हलक्या तुकड्यांचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे, मॉडिफायरहूनही मोठा, आणि तो कुठल्याच पॉइंट पद्धतीत नीट पकडता येत नाही.

इथे आपल्याकडे कुणीतरी हमखास पालखेडचं उदाहरण देतं. १७२८ च्या फेब्रुवारीत बाजीरावांनी तोफखान्याशिवाय नुसत्या घोडदळावर निजामाला गोदावरीच्या खोऱ्यात खेळवलं, त्याच्या जड तोफा मागे पडल्या, तो पालखेडला कोंडला गेला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. खरं आहे सगळं. पण चार लोकस्टच्या डावाला ते लागू पडत नाही. पालखेडला निर्णायक ठरलं ते रसद आणि पाणी तोडणं, आणि घोड्यांपुढे मोकळा मुलूख होता. तुमच्या पटावर तहान लागत नाही, रसद नाही आणि पटाला कडा आहेत. बॅटलटेकचा एक नकाशा १५ बाय १७ हेक्सचा. हेक्स ३० मीटरचा धरला तर साधारण ४५० बाय ५१० मीटर. लोकस्ट एका फेरीत त्यातले बारा हेक्स कापतो. एकाच नकाशावर खेळलात तर त्याला पळायला जागाच नसते. तिसऱ्या फेरीत तो कोपऱ्यात असतो आणि कोपऱ्यात वळताना भर घटते. तुम्ही कदाचित चार नकाशे जोडून खेळत असाल. तसं असेल तर निकालाचं निम्मं कारण तिथेच आहे.

बाकी खेळांतही हाच प्रकार वेगळ्या वेषात दिसतो. फिल बार्करच्या डीबीए या जुन्या काळातल्या लढायांच्या खेळात बारा एलिमेंटांचं, म्हणजे तुकड्यांचं, सैन्य असतं. घोडेस्वारांविरुद्ध नाइटांचा (जड घोडेस्वारांचा) आकडा ४ आणि लाइट हॉर्सचा (हलक्या घोडेस्वारांचा) २, त्यामुळे समोरासमोर नाइट सहज जिंकतात. पण तिथे दर फेरीला एका फाशावर जितके पडतील तेवढेच हुकूम देता येतात, लाइट हॉर्स एकाच फेरीत पुन्हा हलू शकतात आणि सैन्य मोडायला चार एलिमेंट पुरतात. बगलेवर आलेल्या चार घोड्यांकडे तोंड फिरवण्यात जड सैन्याचे हुकूम संपतात आणि मुख्य रांग तशीच उभी राहते. वॉरहॅमर ४०,००० मध्ये तर गुण बहुतांशी ठिकाणं ताब्यात ठेवण्याचेच मिळतात. कुणाला मारलं याला महत्त्व आहे, पण तिसऱ्या फेरीत मैदानाच्या चार टोकांना कुणाचे पाय आहेत याला जास्त. जड रणगाडा एकाच टोकाला असू शकतो.

आता तुमच्या ॲटलसचं काय करायचं ते सांगतो.

पहिलं, चालू नका. हे उलटं वाटेल, पण आकडे पाहा. जागेवर पूर्ण थांबलात तर लोकस्टवरचा तुमचा आकडा ९ चा ८ होतो: १० संधींच्या १५, सरळ दीडपट. बदल्यात त्याचा तुमच्यावरचा आकडा ७ चा ६ होतो: २१ च्या २६, सुमारे सव्वापट. दीडपट घेऊन सव्वापट देणं हा चांगला सौदा आहे. जड मेकने हलत राहावं हा सल्ला जड विरुद्ध जड डावात बरोबर असतो. हलक्यांविरुद्ध तीन हेक्स सरकून मिळणारा एक आकडा स्वतःच्याच नेमात जातो. जागेवर वळलात तरी ते चालल्यातच धरतात, तेव्हा थांबायची जागा अशी निवडा की वळावंच लागू नये.

म्हणजे पाठ भिंतीला. पटाची कडा सगळ्यात उत्तम, तिच्यामागे कुणी उभं राहू शकत नाही. काही लोक याला रडीचा डाव म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण तुमच्या गटात नाराजी होत असेल तर उंच टेकडीचा उभा कडा शोधा. दोन पातळ्यांपेक्षा जास्त चढ कुठलाच मेक चालत चढू शकत नाही. मागे तसा कडा असेल तर लोकस्टला समोरून किंवा बाजूनेच यावं लागतं, आणि समोर तोफ आहे, लाथ आहे.

दुसरं, गोळे जपा. बाराच्या आकड्याला एसी-२० झाडायचीच नाही, अकरालाही शक्यतो नाही. त्या फेऱ्यांत हातांतले लेसर चालवा, ते फुकट आहेत. दहा गोळे नऊ-आठच्या आकड्यांसाठी ठेवलेत तर लोकस्टवाल्याला जवळ येण्याची किंमत दिसू लागते. तो घाबरून लांब राहिला की त्याचाही मीडियम लेसर मध्यम पल्ल्यावर जातो, त्यालाही सहाऐवजी आठ लागतात आणि डाव लांबतो. लांबलेला डाव तुमच्या चिलखताला मानवतो.

तिसरं, एकाच लोकस्टच्या मागे लागा. चौघांना थोडं थोडं मारणं हा एकट्या ॲटलसचा जुना रोग आहे. जखमी लोकस्ट पूर्ण वेगाने पळतो आणि पूर्ण ताकदीने मारतो. मेलेला मात्र इनिशिएटिव्हच्या खेळातूनही जातो. तिघे उरले की पाठीवर येणारे लेसर पाऊण होतात, आणि दोघे उरले की लोकस्टवाला बहुधा स्वतःच माघार घेतो.

नंतरच्या काळातली उपकरणं चालत असतील तर पल्स लेसर घ्या. त्यांना नेमात २ ची सूट असते, म्हणजे लोकस्टने कमावलेल्या चारातले निम्मे तिथेच परत. पल्ला तोकडा आहे, पण लोकस्टला तसंही जवळच यायचं आहे. पाठीवर काही पॉइंट सरकवलेले प्रकारही मिळतात, त्यांचा मला फारसा उपयोग दिसत नाही. १४ चे १८ केल्याने एक लेसर जास्त झेलता येतो, इतकंच.

आणि जमलं तर ॲटलस एकटा उतरवूच नका. बॅटल व्हॅल्यू वाढवून दोन्ही बाजू चार-चारच्या करा आणि ॲटलसबरोबर निदान एक वेगवान, स्वस्त मेक ठेवा, ज्याचं काम फक्त ॲटलसच्या आधी हलणं एवढंच असेल. मग तुम्ही इनिशिएटिव्ह हरलात तरी आधी तो हलेल, लोकस्टना एक-एक करून जागा दाखवाव्या लागतील आणि ॲटलसला तोंड फिरवायला उशिरापर्यंत वेळ मिळेल. ३५ टनी जेनर या कामाला बरा: ११ पॉइंट धावतो, चार मीडियम लेसर आहेत, आणि ॲटलसच्या पाठीवर आलेल्या लोकस्टच्या पाठीवर, जिथे जेमतेम दोन पॉइंट चिलखत आहे, तो सहज पोचतो.